डोळ्याला लागलं तर आधी सांगायचं

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी पंच खेळाडूंची नखं बघतात. वाढलेली असतील तर ती कापल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. खेळाच्या नियमातच ते लिहिलेलं आहे. पकडीच्या झटापटीत चढाई करणाऱ्याच्या तोंडाभोवती चार-पाच जणांचे हात असतात, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याला एक नख पुरतं. मुलांच्या डोळ्यांसाठी इतका स्वच्छ नियम दुसऱ्या कुठल्या देशी खेळात मला दिसलेला नाही. बाकी सगळीकडे तो आपल्यालाच करावा लागतो.

मी कराडच्या बाजूला एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक आहे. डोळ्यांविषयी जे काही कळतं ते आमच्याकडे दर जूनमध्ये तपासणीला येणाऱ्या नेत्रतज्ज्ञ बाईंमुळे. त्या मुलांचे डोळे तपासतात आणि मग माझ्याबरोबर मैदानावर एक फेरी मारतात.

त्यांचं पहिलं लक्ष फक्कीकडे असतं. मैदान आखायला आपल्याकडे पूर्वापार चुन्याची फक्की टाकतात. खो-खोत पोरगं खुंट मारायला झेपावतं, तोंडावर आपटतं आणि रेषेवरची भुकटी थेट डोळ्यात जाते. चुना हा अल्कली. आम्लापेक्षा तो डोळ्यात जास्त खोल उतरतो आणि आत शिरत राहतो. म्हणून डॉक्टरकडे पळायच्या आधी पाणी. पापण्या उघड्या धरून वाहत्या नळाखाली निदान वीस-तीस मिनिटं डोळा धुवायचा. कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं टिपून घ्यायचा आणि मग दवाखाना गाठायचा. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू वगैरे काही घालायचं नाही. आमच्या शाळेत आता शिरगोळ्याची भुकटी, म्हणजे रांगोळीच वापरतो. रेषा तितकीच पांढरी उठते. डोळ्यात गेली तर खुपते, धुवावीही लागते, पण चुन्यासारखी जाळत नाही. तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या आणि नळ्या पोरांच्या हाती पडतात, त्या दाबल्या की फुटून डोळ्यात उडतात, तोही प्रकार हाच.

विटी-दांडूबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो खेळ मला फार प्रिय आहे. विटी दोन्ही टोकांना निमुळती. झेलणारा पोरगा तिच्यावर नजर लावून पुढे धावतो, म्हणजे डोळा आणि टोक एकमेकांच्या दिशेनंच येत असतात. क्रिकेटचा चेंडू मोठा असतो. तो बहुतेक वेळा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो. विटी त्या हाडांच्या मधून सरळ आत जाते. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर याची गोष्ट मी मुलांना सांगतो. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात टाँटनला सॉमरसेटविरुद्ध सामना होता. इम्रान ताहिरच्या फिरकीवर फलंदाजाचा त्रिफळा उडाला, आणि उडालेली बेल बाउचरच्या डाव्या डोळ्यावर बसली. फिरकीला हेल्मेट कशाला, म्हणून डोकं उघडंच होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडल्याचं जाहीर केलं. बेल म्हणजे लाकडाचा दहा-अकरा सेंटिमीटरचा तुकडा, आपल्या विटीएवढाच. आपल्या सबा करीमलाही २००० च्या आशिया चषकात ढाक्यात कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टीमागेच उजव्या डोळ्याला चेंडू लागला आणि पुढे त्याची कारकीर्द टिकली नाही. म्हणून आमच्याकडे यष्टीजवळ उभ्या राहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जाळीचं हेल्मेट असतंच, गोलंदाज कितीही हळू असो. विटीची टोकं आम्ही घासून बोथट करतो आणि झेलणाऱ्यांना लांबच्या रेषेमागे ठेवतो. विटी उडते, खेळ रंगतो.

चेंडूचा मुका मार फसवा असतो. वरून काही दिसत नाही, पण आत बुबुळाच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचू शकतं. नीट पाहिलं तर बुबुळाच्या खालच्या बाजूला लाल रेघ दिसते. दोन दिवसांत उतरलं म्हणून पोरगं पुन्हा मैदानात आलं, की त्याच पहिल्या पाच दिवसांत दुसरा रक्तस्राव होण्याची भीती असते, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून विश्रांती, झोपताना डोकं उंच, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. अशा डोळ्याला कित्येक वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो. मार विसरला तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच.

आमचा भाग उसाचा. पळायच्या सरावाला मुलं शिवारातून जातात आणि उसाचं पात किंवा बाभळीची फांदी डोळ्याला चाटून जाते. जखम बारीक असते, पण झाडपाल्याबरोबर बुरशी आत जाते आणि काही दिवसांनी डोळा लाल होऊन बुबुळावर पांढरं दिसायला लागतं. फूल पडलं म्हणतात ते अशातूनही पडतं. मेडिकलमधून विचारून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर डोळ्याला आधी बरं वाटतं आणि बुरशी आत फोफावते. एका मुलाच्या आजी मला भर मैदानात म्हणाल्या होत्या, "सर, मधाचं बोट फिरवू का जरा? थंड पडंल." मी त्यांचा हात धरला. "आज्जी, काही घालू नका. आधी दवाखान्यात जाऊ, मग तुम्ही म्हणाल ते." त्यांच्या मायेत खोट नव्हती. गावोगावी मध, तूप, एरंडेल, अंगावरचं दूध असं मायेनंच घातलं जातं, आणि जंतूंना त्यातूनच वाट मिळते.

हे सगळं वाचून कुणी मुलाला घरात बसवून ठेवील, तर त्याच्या डोळ्याचं वेगळंच नुकसान होईल. उघड्यावरचा उजेड मुलांना जवळची नजर लागण्यापासून, म्हणजे लांबचं अंधूक दिसण्यापासून वाचवतो. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना ही नजर लागली होती. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तैवाननं त्याच्या आधीच, २०१० पासून, शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर असावं अशी मोहीम धरली होती. वर्गात उजेड फार तर काहीशे लक्स, बाहेर उन्हात तो दहा हजारांच्या पुढे. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि डोळ्याची लांबी वाजवीपेक्षा वाढत नाही, असं तज्ज्ञ मानतात. त्यासाठी धावलंच पाहिजे असंही नाही. झाडाखाली बसून गप्पा मारल्या तरी चालतं. भर दुपारी पुढे छज्जा असलेली टोपी द्यावी. जत्रेतल्या रंगीत काळ्या चष्म्यापेक्षा चष्मा नसलेला बरा, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण मात्र अडत नाहीत.

चष्मा असलेल्या मुलाच्या पालकांना मी एकच विनंती करतो: काच नको, पॉलिकार्बोनेटचं भिंग घ्या आणि मागून पट्टा लावा. ज्याला एकाच डोळ्यानं नीट दिसतं त्या मुलाला संरक्षक गॉगलशिवाय मी चेंडूच्या खेळात घेत नाही. पोरगं रुसतं, पालकही रागावतात. तरी घेत नाही.

राहिली ती सगळ्यांत अवघड गोष्ट. डोळ्याला लागलेलं पोरगं ते लपवतं. खेळू नको म्हटलं असताना खेळलो, मार बसेल, मित्राचं नाव येईल, म्हणून डोळा मिटून अभ्यासाला बसतं. रात्र जाते. तोवर आतल्या जखमेत जंतू वाढतात. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर डोळा बरा झाल्यावरही मेंदू त्याच्याकडून बघायचं सोडून देऊ शकतो, आणि मग चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अधू डोळ्याला कामाला लावावं लागतं. म्हणून आमच्या मैदानावर ठरलेलं आहे: डोळ्याला लागलं तर आधी सांगायचं, कुणी मारलं हे त्या दिवशी कुणी विचारणार नाही. मी ते पाळतो, घरच्यांनाही पाळायला सांगतो.

सांगितल्यावर काय करायचं, ते सामानाच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवलं आहे. चोळायचं नाही, दाबायचं नाही. काही रुतलं असेल तर उपसायचं नाही. डोळ्यावर चहाचा कागदी कप पालथा ठेवायचा, कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटपट्टी लावायची. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. आणि वाटेत बिस्किट, दूध, काही द्यायचं नाही. पोटात अन्न असलं की भूल देता येत नाही आणि तेवढे तास ऑपरेशन लांबतं.