चीजचा रतीब

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी आणि सौ. शेतकरी बाजारात जातो. कोवळी मेथी किंवा मुळा दिसला तर घ्यायचा, ओळखीचे कोणी भेटले तर चार शब्द बोलायचे आणि चीजच्या टेबलापाशी थांबायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा क्रम. टेबलामागे साठीच्या घरातल्या एक किवी बाई उभ्या असत. समोर लाकडी पाटावर चीजचे बारीक तुकडे मांडलेले. आम्ही दोन-तीन प्रकार चाखायचो, "व्हेरी नाइस" म्हणायचो, किलोचा भाव मनातल्या मनात रुपयांत करायचो आणि पुढे निघायचो. या देशात येऊन पंचवीस वर्षे झाली तरी रुपयांत हिशेब करण्याची खोड काही जात नाही! मग घरी येताना सुपरमार्केटमधून एक किलोचा ठोकळा घ्यायचा. कधी कोल्बी, कधी एडम, जे 'स्पेशल'ला असेल ते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी दिसली. आजचा शेवटचा रविवार, इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार, असा मजकूर होता. टेबलाभोवती ही गर्दी! मीही भिडेखातर तीन तुकडे घेतले. ते कागदात बांधताना बाई हसून म्हणाल्या, "आज माझी वर्षातली सर्वांत मोठी विक्री होणार. असे दहा रविवार मिळाले असते, तर ही पाटी लावावी लागली नसती."

गाडीत बसल्यावर सौ. म्हणाली, "आपण इतकी वर्षे त्या बाईंचे चीज फुकटच खाल्ले की हो." यावर मला काही उत्तर सुचले नाही. बाईंच्या कष्टांचे चीज झाले नाही, त्यात आमचाही थोडा हात होता. म्हणून हा लेख. आरोग्य आणि अर्थ या सदरातच तो का, हे पुढे वाचताना कळेल.

लहान उत्पादकाची अडचण

न्यूझीलंडला दुधाचा देश म्हणतात. मग चीज करणारा लहान माणूस इथे का टिकत नाही? कारण हा देश मोठ्या प्रमाणावरच्या दुधाचा आहे. साउथलंडमध्ये एडेंडेल येथे १८८२ साली चीजचा कारखाना निघाला, आणि पुढे कित्येक दशके इथले चेडर बोटीने इंग्लंडला जात राहिले. एकसारखे, टिकाऊ आणि स्वस्त चीज करणे हेच इथल्या कारखान्यांचे कौशल्य झाले. २००१ साली दोन मोठ्या सहकारी संस्था आणि डेअरी बोर्ड एकत्र येऊन फॉन्टेरा स्थापन झाली. आपल्या गोकुळ किंवा वारणेसारखीच ही शेतकऱ्यांची संस्था, फक्त आकाराने अवाढव्य. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या सभासदांनी मेनलँड, अँकर ही घरोघरची नावे लॅक्टालिस या फ्रेंच कंपनीला विकण्यास मोठ्या बहुमताने संमती दिली. म्हणजे आपल्या फ्रिजमधल्या ठोकळ्याचा मालक कोण, हेही आता दूर फ्रान्सकडे बघून सांगावे लागणार.

लहान उत्पादकाचे गणित अगदी वेगळे. एक किलो घट्ट चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. दूध आज विकत घ्यायचे, चीज आज करायचे, मग ते सहा महिने, वर्षभर फळीवर मुरत ठेवायचे. रोज उलटायचे, पुसायचे. वीजबिल चालू, पैसे मात्र वर्षाने. त्यात २०२४-२५ च्या हंगामात फॉन्टेराने शेतकऱ्यांना दिलेला दर किलो मिल्क सॉलिड्समागे १० डॉलरच्या वर गेला. गायी पाळणाऱ्यांसाठी ही आनंदाची बातमी, पण दूध विकत घेऊन चीज करणाऱ्याच्या कपाळावर आठी. शिवाय परवाने, तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या आहेतच. त्या हव्यातच, अन्नाच्या सुरक्षिततेत सूट नको. पण चाचणीचे बिल दहा किलोच्या घाण्याला आणि दहा टनांच्या घाण्याला जवळपास सारखेच येते.

एकेताहुनाच्या बिडी फ्रेझर-डेव्हिस यांचे उदाहरण इथे अनेकांना आठवत असेल. मोजक्या जर्सी गायी आणि घरचे चीज. २०१४ साली लंडनच्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये त्यांच्या चीजला 'सुपर गोल्ड' मिळाले. तरीही तपासणीचा खर्च लहान उत्पादकाला कसा पेलवत नाही, हे सरकारदरबारी सांगण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. जागतिक बक्षीस मिळाले म्हणून चाचणीचे बिल कमी होत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा तर रेस्तराँ बंद, शेतकरी बाजार बंद, फक्त सुपरमार्केट उघडी. गायी मात्र लॉकडाउन पाळत नाहीत. मऊ चीज तर काही आठवड्यांत खराब होते. न्यूझीलंडमध्ये आणि ब्रिटनमध्येही त्या वर्षी चीज करणाऱ्यांनी लोकांना थेट आमच्याकडून घ्या, अशी विनवणी केली. लोकांनी घेतलेही. नंतर दुकाने उघडली आणि आपण सगळे पुन्हा ठोकळ्याकडे वळलो.

परदेशातून आलेल्यांचे चीज

यात आपल्यासारख्या स्थलांतरितांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. इथले उत्तम चीज करणारी कित्येक कुटुंबे बाहेरूनच आलेली. आल्फेरिंक कुटुंबाने १९८१ मध्ये मर्सरला, तर मेयर कुटुंबाने १९८४ मध्ये हॅमिल्टनजवळ गौडा करायला सुरुवात केली. दोन्ही कुटुंबे हॉलंडची. गौडा हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला देवेगौडाच आठवले होते, हे कबूल करतो. ओमारूचे व्हाइटस्टोन मात्र इथल्याच बॉब बेरी यांनी १९८७ मध्ये काढले. सरकारी अनुदाने गेल्यावर शेती परवडेना, तेव्हा त्यांनी हा मार्ग धरला.

डच लोक गौड्यात जिरे घालतात, मेथीदाणेही घालतात. जिऱ्याचे चीज पहिल्यांदा चाखले तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपलेच!" गरम भाकरीवर त्याचा पातळ काप ठेवून बघा. थालीपिठावर मुरलेले चेडर किसून घाला, लोण्याची आठवण येणार नाही. आणि जुन्या, कडक गौड्याबरोबर गुळाचा खडा! हे आमच्या घरचे संशोधन आहे, पाहुण्यांनी मान्य केलेले.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. दूध गोठवायला रेनेट लागते, आणि ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून काढतात. इटलीचे अस्सल पार्मिजानो रेज्जानो आणि स्वित्झर्लंडचे ग्रुयेर अशाच रेनेटचे असते. पण शाकाहारी रेनेटही आता सर्रास वापरतात. लेबलवर स्पष्ट लिहिलेले नसेल तर विचारावे. बाजारात समोर उभा असलेला माणूस ते एका वाक्यात सांगतो. ठोकळ्याला विचारता येत नाही.

तब्येतीचा भाग

आता आरोग्याकडे. तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्ताच्या तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. नर्सने आहाराची यादी करायला सांगितली. चीज किती खाता, या प्रश्नाला मी "थोडेसे" म्हणालो. सौ.ने शेजारून सांगितले, "आठवड्याला एक किलो संपते." चार माणसांत ते दिवसाला माणशी ३५ ग्रॅमच्या वर जाते, आणि आमच्या घरी समान वाटप होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चेडरच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० कॅलरी आणि ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला बराचसा संपृक्त. मीठही बरेच. उलट ३० ग्रॅमच्या, म्हणजे काडेपेटीएवढ्या तुकड्यातून सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि चांगली प्रथिने मिळतात. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना इथे दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यायला सांगतात, त्यात हा तुकडा उपयोगी. दूध पचत नाही अशांनाही मुरलेले घट्ट चीज बहुधा चालते, कारण त्यात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. चीज वाईट नाही, प्रमाण वाईट असते.

आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो. म्हणूनच इथल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दक्षिण आशियाई पुरुषांची हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून आणि स्त्रियांची चाळिसाव्या वर्षापासून करावी, असे सांगितले आहे. वाचकहो, आपली झाली आहे का? नसेल तर फोन उचलावा. आणि घरात कोणी गर्भवती असेल तर ब्री, कॅमेंबर, ब्लू, फेटा, रिकोटा अशी मऊ चीजे न शिजवता देऊ नयेत, लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो. लहान उत्पादकाचे असो की मोठ्याचे, नियम एकच.

वहीतला हिशेब

बाईंचे टेबल गेल्यावर मी वही काढून बसलो. आमचा जुना खर्च आठवड्याला एक किलो ठोकळा, समजा १४ डॉलर. नवा बेत असा : मुलांच्या डब्यांसाठी आणि टोस्टीसाठी अर्धा किलो ठोकळा, ७ डॉलर. आणि आम्हा मोठ्यांसाठी लहान उत्पादकाकडून १५० ग्रॅम मुरलेले चीज, किलोला ६० डॉलर धरले तर ९ डॉलर. एकूण १६. म्हणजे आठवड्याला २ डॉलर जास्त, वर्षाला सुमारे १०० डॉलर. खोटे कशाला बोलू, स्वस्त पडत नाही. पण आठवड्याला ३५० ग्रॅम चीज कमी खाल्ले जाते, म्हणजे सगळ्या घराच्या पोटात सुमारे ११५ ग्रॅम स्निग्धांश कमी जातो. मुरलेल्या चीजची चव इतकी भरीव की पातळ दोन कापांत समाधान होते. ठोकळ्याचे सहा काप खाऊनही हात फ्रिजकडे जायचा. माझी पुढची रक्ततपासणी बरी आली. त्याचे श्रेय संध्याकाळच्या चालण्यालाही आहे, पण तुकड्यालाही थोडे द्यावे लागेल.

भाव बदलतात, तेव्हा आपापल्या पावतीवरचे आकडे घालून हा हिशेब करावा. २०२३ च्या नियमांमुळे आता मोठ्या दुकानांत किलोचा दर पाटीवर द्यावाच लागतो. तो बघावा. किसलेले चीज आणि छोट्या पाकिटांतले काप किलोच्या दराने कित्येकदा लहान उत्पादकाच्या चीजजवळ जातात, हे बघून मी चकित झालो.

घेताना आणि ठेवताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या. आठवड्याला संपेल एवढाच ताजा कापलेला तुकडा घ्यावा. प्लास्टिकमध्ये घट्ट न गुंडाळता बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावा. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावा, थंडगार चीजला चव नसते. घट्ट चीजवर बुरशी दिसली तर भोवतालचे इंचभर कापून बाकीचे वापरता येते, मऊ चीजवर दिसली तर सरळ टाकावे.

शेवटी एकच सांगायचे आहे. गावाकडे आपण दुधाचा रतीब लावत असू. गवळ्याला ठाऊक असे की या घरी रोज एक लिटर जाणार, आणि त्याच भरवशावर तो म्हैस विकत घेई. कधीतरी दिवाळीला येऊन दहा लिटर नेणाऱ्या गिऱ्हाइकावर म्हैस पोसली जात नाही. चीज करणाऱ्यांचेही तसेच आहे. ऑक्टोबर हा इथे चीजचा महिना म्हणून साजरा होतो, तेव्हा टोपली भरून घेणारे पुष्कळ असतात. त्यांना हवे आहेत ते जून-जुलैच्या पावसात येऊन दीडशे ग्रॅम नेणारे.

आम्ही आता दुसऱ्या एका टेबलावर रतीब लावला आहे. दर रविवारी तोच तुकडा. तिथले तरुण जोडपे आम्हाला बघताच सुरी उचलते. चाखायला अजूनही देतात, आणि मी अजूनही घेतो. फरक इतकाच, की आता खिशातले पाकीट आधी बाहेर निघते.

आपल्या गावाजवळ असे चीज करणारे कोणी असतील तर मंडळाकडे अवश्य कळवावे. पुढच्या सहलीचा रस्ता त्यांच्या दारावरून नेता येईल.