गाभडलेली शेळी

शेळी भिंतीला टेकवून धरली होती. काळी कुळकुळीत, लोंबत्या कानांची, अस्सल उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी आहे तीच राहिली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या मानेवरचे केस कात्रीनं उतरवले आणि अंगठा दाबला. शीर टरारून वर आली. सुई गेली, नळीत रक्त चढलं. शेळीपेक्षा मीच जास्त दचकलो.

"कधी गाभडली, मावशी?"

"परवा रातच्याला. चार महिने भरले होते बघा."

"मेलेलं करडू?"

"उकिरड्यावर टाकलं. कुत्र्यानं नेलं आसंल."

"आणि वार?"

"अडकली होती. म्याच वढली की." मावशींनी उघडे हात पुढं केले. बोटांना विळ्याचे जुने-नवे काप.

डॉक्टरांना शंका होती ब्रुसेलाची. त्या वारेत, त्या पाण्यात हा जंतू खच्चून भरलेला असतो. सावलीतल्या ओल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. कुत्रं तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात पोचवतं. माणसात शिरतो तो हाताच्या कापातून, नाहीतर कच्च्या दुधातून. १९०५ मध्ये माल्टा बेटावर थेमिस्टोक्लीस झमिट यांनी दाखवून दिलं की ब्रिटिश शिपायांना झिजवणारा ताप धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतो. आपल्याकडे सरकारी मोहिमेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस टोचतात. शेळ्या त्या मोहिमेत नाहीत.

शेजारच्या उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये कावळे मरून पडले, नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लू निघाला आणि यंत्रणा धावली. ते योग्यच झालं. पण शेळी गाभडणं ही घरातलीच गोष्ट धरली जाते. चार शिव्या, एक उसासा, झालं.

नळी तिरकी ठेवल्यावर रक्त गोठलं आणि वर पिवळसर पाणी सुटलं. पुढचं काम प्रयोगशाळेत पाहिलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या पाण्याचा थेंब, शेजारी गडद गुलाबी औषधाचा. काडीनं दोन्ही एकजीव केले आणि फरशी हलकेच डोलवत ठेवली. चार मिनिटं बघायचं असतं. दुसऱ्याच मिनिटाला दूध नासावं तसा तो गुलाबी थेंब फाटला, कडेला बारीक कण गोळा झाले.

निकाल सांगायला गेलो तेव्हा मावशींचा मुलगा बाजेवर पडून होता. दोन महिने सांजच्याला ताप, अंथरूण भिजवणारा घाम, कंबर धरलेली. टायफॉइड म्हणून दोनदा औषधं झाली होती. फाईल जाडजूड होती. घरात शेळ्या आहेत का, हे त्यात कुठंच नव्हतं.

डॉक्टरांनी खिसे चाचपले. अशा निरोपासाठी त्यांच्याकडे छापील कागद नव्हता. शेवटी शेळ्यांच्या पीपीआर रोगाच्या लसीकरणाच्या पावतीमागे त्यांनी लिहिलं : "घरातली शेळी ब्रुसेला पॉझिटिव्ह. रुग्णाचीही ती तपासणी व्हावी, ही विनंती." खाली सही आणि गुरांच्या दवाखान्याचा शिक्का.

मुलानं पावती दोनदा उलटसुलट पाहिली, घडी घातली आणि फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवली.