तीन काड्या

मार्चमध्ये बीडच्या सुभाष रोडवर द्राक्षांचे गाडे लागतात. "सोनाका, सोलापूरचा सोनाका!" मी एक मणी तोंडात टाकतो. लांबट, पिवळसर, बी नाही. मग डोक्यात हिशेब सुरू होतो: कोणी किती काड्या आणल्या आणि त्यांच्या वेली किती झाल्या.

हंगेरीतून अमेरिकेत गेलेला आगोस्टन हारास्ती 1861 मध्ये युरोप पालथा घालून आला आणि त्याने कॅलिफोर्नियासाठी एक लाखाच्या आसपास द्राक्षकाड्या आणल्या. जाती तीनशेच्या घरात. सोनोमाची ब्युएना व्हिस्टा वायनरी त्याचीच, 1857 ची. तिकडच्या वाइनचा जनक म्हणून आजही त्याचं नाव घेतात. सरकारने मात्र काड्यांचे पैसे दिले नाहीत. (सरकारं सगळीकडे सारखीच.)

दुसरा उपरा विल्यम थॉम्पसन, इंग्रज. युबा सिटीजवळ शेती करायचा. त्याने 1872 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून काड्या मागवल्या, फक्त तीन. दोन जगल्या नाहीत. उरलेल्या एका वेलीची द्राक्षं 1875 मध्ये मेरीसव्हिलला लोकांपुढे मांडली. तेच आपलं 'थॉमसन'. कॅलिफोर्नियात त्याचे बेदाणे झाले आणि स्वस्त वाइनही. जात मूळची इराण-तुर्कस्तानकडची. नाव मात्र या शेतकऱ्याचं लागलं.

तासगावचं तास-ए-गणेश आणि नान्नजचं सोनाका ही त्याच थॉमसनची पोरं. महाराष्ट्रात द्राक्ष साधारण एक लाख हेक्टरवर आहे. नऊ बाय पाच फुटांनी लावलं तर एकरी 968 वेली, म्हणजे एकूण चोवीस कोटींच्या घरात. निम्म्या थॉमसनच्या गोतातल्या धरल्या तरी बारा कोटी.

आमच्या बालाघाट डोंगरातलं सीताफळही असंच बाहेरून आलेलं, मूळचं अमेरिका खंडातलं. 2016 मध्ये त्याला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याला बियाच बिया. माणसाने थुंकल्या, पाखराने टाकल्या, डोंगर भरला. बिनबियांचं द्राक्ष माणसाच्या हाताशिवाय एक फूटही पुढे सरकत नाही.

दुष्काळी रानात तर वेल स्वतःच्या मुळावरही उभी नसते. आधी डॉगरीजचा खुंट लावतात, तोही टेक्सासच्या जंगली द्राक्षाचा. मग ऑगस्ट-सप्टेंबरात कोणीतरी वाकून खुंट चिरतो, पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतो आणि पट्टीने घट्ट आवळतो. एकरात 968 वेळा.