तळघरातील व्यायामशाळा : आधी हवा, मग वजने

घरच्या घरी व्यायामशाळा काढावी आणि एकेका माणसाला स्वतंत्रपणे शिकवावे, असा विचार करणारे तरुण आता उमरोळीसारख्या गावातही भेटतात. पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या मधले हे गाव. इथला नोकरदार एक तर लोकलने मुंबईच्या दिशेने जातो, नाही तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. ठरावीक वेळेची व्यायामशाळा दोघांनाही जमत नाही. शेजारच्या आळीत, आपल्या सवडीच्या वेळी, फक्त आपल्याकडे लक्ष देणारा शिक्षक मिळाला तर त्यांना तो हवाच असतो. कल्पना उत्तम आहे. मात्र ‘घराखालचे तळघर रिकामेच आहे, तिथे सुरू करतो’ असे कोणी म्हणाले की मी त्याला थोडा वेळ बसवून घेतो. त्याला काय सांगतो, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

पर्सनल ट्रेनर हा शब्द नवा असला तरी प्रथा जुनी आहे. तालमीतला वस्ताद तेच करीत आला. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले होते. तेव्हा घरच्या शिक्षणात कमीपणा काही नाही. प्रश्न आहे तो जागेचा आणि जबाबदारीचा.

प्रथम हवा

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरदार व्यायामात हेच प्रमाण साठ लिटरांच्याही पुढे जाते. म्हणजे खोलीतल्या हवेत जे काही असेल, मग ती धूळ असो, ओल असो की ताज्या रंगाचा वास असो, ते व्यायाम करणाऱ्याच्या फुप्फुसांत कितीतरी पटींनी अधिक जाते.

आता थोडे गणित करू. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा तळघरात सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. व्यायाम करणारा तासाला साधारण शंभर लिटर आणि उभा राहून शिकवणारा तीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दार-खिडकी बंद असेल तर तासाभरात खोलीतल्या या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या सुमारे दहापट होते. एवढ्याने जीव गुदमरत नाही, पण डोके जड होते, आळस येतो, लक्ष विचलित होते. हातात वजन असताना लक्ष विचलित होणे बरे नव्हे. शिवाय एकामागून एक चार जण येणार असतील तर चौथ्याच्या वाट्याला आधीच्या तिघांची हवा येते.

छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बदलत नाही. घरातला नेहमीचा वातानुकूलन संचही आतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो. त्यासाठी हवा बाहेर फेकणारा पंखा हवा आणि त्याच्या समोरच्या भिंतीत, शक्यतो खालच्या बाजूला, ताजी हवा आत येण्यास झडप हवी. ताशी दोनशे ते अडीचशे घनमीटर हवा खेचणारा पंखा वरील खोलीतली हवा तासात सहा-सात वेळा बदलतो. क्षमता खोक्यावर छापलेली असते, ती पाहून घ्यावी.

एक गोष्ट बजावून सांगतो. वीज गेली म्हणून जनित्र तळघरात किंवा त्याच्या झरोक्यापाशी कधीही चालवू नये. चालू मोटारसायकलही तिथे उभी करू नये. त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट ओल

आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते आणि तळघराच्या भिंतींना पाझर फुटतो. दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. तो नुसता ओघळत राहिला तर शरीराचे तापमान चढत जाते. जुलैत किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात चक्कर, मळमळ, अंगात गोळे येणे या तक्रारी सुरू झाल्या की व्यायाम ताबडतोब थांबवून त्या माणसाला वर मोकळ्या हवेत आणावे.

ओलसर रबरी गाद्यांवर बुरशीही वाढते. गजकर्ण हा आजार अशा जागी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातो. प्रत्येकाने स्वतःचा टॉवेल आणावा, बाकडे व गादी दर वेळी पुसून कोरडी करावी, गजकर्ण असलेल्याने बरे होईपर्यंत सुट्टी घ्यावी. दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत. त्यांनी खाज थांबते, पण आजार पसरतो आणि चिवट बनतो.

ओल आणि वीज यांची तर जुनी दुष्मनी. विजेची बटणे व जोडण्या जमिनीपासून उंच असाव्यात, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले, हे आपण विसरू नये. वजने खालच्या खणात ठेवावीत आणि मांडणी व आरसे भिंतीला पक्के जखडावेत.

माझे स्पष्ट मत असे की, या किनारपट्टीत पडवी, ओटी किंवा तळमजल्याची हवेशीर खोली उपलब्ध असेल तर तळघराच्या वाटेला जाऊ नये. शिक्षक आणि एक शिकणारा यांना दीडशे चौरस फूट जागा पुरते. उंची मात्र नऊ फूट तरी असावी, कारण डोक्यावर वजन उचललेल्या माणसाला आठ फूट अपुरे पडतात. सुरुवातीला धावण्याच्या महागड्या यंत्राचीही गरज नाही. काही डंबेल, एक जोडी, एक भक्कम बाकडे आणि रबरी गादी पुरे. दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना तर पैसाही लागत नाही. तळघरच वापरायचे असेल, तर अशा वापराला परवानगी आहे का, हे ग्रामपंचायतीत व संबंधित नियोजन कार्यालयात आधी विचारून लेखी घ्यावे.

आता माणसाकडे

जागा झाली की येणाऱ्याची चौकशी करावी. कॅनडात १९७०च्या दशकात सात प्रश्नांची एक साधी यादी तयार झाली. तिचा आशय असा : हृदयविकार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे का? श्रम करताना छातीत दुखते का? गेल्या महिन्यात स्वस्थ असताना दुखले का? चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का? हाडांचा वा सांध्यांचा विकार आहे का? रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू आहेत का? व्यायाम टाळावा असे आणखी काही कारण आहे का? एकाही प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग व्यायाम. रक्तदाब मोजण्याचे यंत्र जवळ ठेवावे. १८०/११० किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही. वजन उचलताना दम रोखून धरू देऊ नये, त्याने रक्तदाब एकदम उसळतो.

रात्रपाळी करून थेट आलेल्या कामगाराला जड वजने देऊ नयेत. आधी झोप, मग व्यायाम. नवख्याला पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढायला लावण्यात पुरुषार्थ नाही. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांत अडकून ती निकामी होऊ शकतात. स्नायू खूप सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर रुग्णालय गाठावे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. हे उद्दिष्ट हळूहळू गाठायचे असते. शिक्षकाने इंजेक्शने आणि अंग भरण्याच्या गोळ्या विकण्याचा धंदा तर मुळीच करू नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. व्यायाम करता करता कोणी कोसळला, हाका मारूनही उठेना आणि त्याचा श्वास नीट चालेना, तर काय कराल? तळघरात मोबाईलला बहुधा रेंज नसते, म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी वर धावणारा कोणीतरी घरात असलाच पाहिजे. जिन्यातून स्ट्रेचर उतरेल का, हे आधीच पाहून ठेवावे. शिक्षकाने मात्र त्या माणसाजवळच थांबून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हृदय बंद पडल्यावर असा दाब मिळाला नाही, तर प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पालघरहून निघालेली रुग्णवाहिका पोचेपर्यंतची मिनिटे शिक्षकाच्याच हातात असतात. हे कौशल्य काही तासांत शिकता येते. ज्याने ते शिकून घेतले नाही, त्याने व्यायामशाळेची पाटी लावण्याची घाई करू नये.