अर्धा चेहरा आणि एक पत्र

संगणकावर छायाचित्र दुरुस्त करून देण्याची कला आता घरोघर पोहोचली आहे. छायाचित्रकाराची अंधारखोली मात्र बहुतेक गावांतून नाहीशी झाली. या दोहोंची सांगड घालून व्यक्तिचित्र कसे सिद्ध करावे, हे मला बेळगावच्या एका कुटुंबाच्या निमित्ताने शिकावे लागले. त्या घरातील आईचे निधन होऊन बराच काळ लोटला होता. तिचे एकच छायाचित्र उरले होते, तेही लग्नातील समूहचित्र. त्यात तिचा चेहरा सुपारीएवढा, आणि डावी बाजू भुवईपासून गालापर्यंत बुरशीने खाल्लेली. "फादर, भिंतीवर लावण्याजोगे काहीतरी करून द्या," असे तिचा मुलगा म्हणाला.

इंचास १२०० ठिपके या प्रमाणात मी ते छायाचित्र स्कॅन केले. उजवा डोळा उचलला, आरशातल्यासारखा उलटविला आणि डावीकडे बसविला. अर्ध्या तासात चेहरा पूर्ण! मोठ्या अभिमानाने तो मी त्या बाईंच्या धाकट्या बहिणीस दाखविला. त्यांनी कागद दूर धरून पाहिला व म्हणाल्या, "फादर, हा डोळा आमच्या आक्काचा नव्हे. तिची डावी पापणी जराशी मिटलेली असायची."

मी ओशाळलो. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. संगणकाला याचे सोयरसुतक नसते. त्या दिवशी मलाही नव्हते.

वस्तुतः तुकड्यांतून चित्र जुळविण्याचा खटाटोप नवा नव्हे. ऑस्कर रेजलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून सिद्ध केलेले भव्य चित्र १८५७ साली मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. अमेरिकेतील जेरी युल्समन (१९३४–२०२२) अंधारखोलीत अनेक एन्लार्जर ओळीने मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत असत. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांवर हाताने रंग चढविणारे कुशल कारागीर होतेच.

संगणक आणि अंधारखोली यांना जोडणारा दुवा म्हणजे संगणकावर तयार केलेली निगेटिव्ह. डॅन बर्कहोल्डर यांनी १९९५ साली या विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही रीत अनेकांच्या हाती आली. संगणकावरील चित्राचे काळे ते पांढरे करावयाचे, डावे-उजवे उलटवावयाचे, आणि शाईच्या प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर छापावयाचे. ती फिल्म शाईची बाजू खाली करून छायाचित्राच्या कागदावर ठेवावी, वर जड काच दाबावी व प्रकाश द्यावा. निगेटिव्ह जेवढी, चित्रही तेवढेच होते. गुळगुळीत कागदावर प्रिंटरचे बारीक ठिपके दिसतात, म्हणून मी खरबरीत पृष्ठाचा कागद घेतला. तो स्वस्त नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या खेपेस मी डोळा बनविलाच नाही. ती बाजू कोरी राहील अशी एक निगेटिव्ह केली. मुलाला आईच्या ट्रंकेत पत्राचे एक सुटे पान सापडले होते. आरंभाचे पान हरवलेले. त्या हस्ताक्षराची दुसरी निगेटिव्ह केली. अशा निगेटिव्हमध्ये अक्षरे पारदर्शक व भोवतालचा भाग काळा असल्यामुळे कागदावर केवळ अक्षरेच उमटतात. दोन्ही एकाच जागी बसाव्यात म्हणून फळीवर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटविला. तांबड्या दिव्याच्या उजेडात प्रथम चेहऱ्याला बारा सेकंद प्रकाश दिला. मग फिल्म बदलून अक्षरांना नऊ. त्या नऊ सेकंदांत वाचलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरून सतत हलवीत राहिलो, म्हणजे अक्षरांची कड गालाजवळ हळूहळू विरावी.

डेव्हलपरच्या थाळीत प्रथम केस उमटले, मग उजवा डोळा, आणि शेवटी, जिथे काहीच नव्हते तिथे, तिचे वळणदार अक्षर. हे सारे संगणकावरच झाले नसते काय? झाले असते, आणि लवकर झाले असते. परंतु तेथे चूक निमूटपणे मागे घेता येते. येथे हात डळमळला की कागद गेला; माझे पाच गेले. शिवाय कोणतीही दोन चित्रे तंतोतंत सारखी निघाली नाहीत. एकात अक्षरे ओठांपर्यंत आली, दुसऱ्यात नाकापाशीच थांबली. (वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, ते विहिरीजवळ ओतू नये.)

मुलाने पहिले चित्र घेतले. दुसरे मी मावशींकडे नेले. त्यांनी चष्मा लावला, आणि चेहऱ्याकडे न पाहता अक्षरेच वाचू लागल्या. "तांदूळ पाठविले आहेत" एवढे शब्द स्पष्ट लागत होते.

"हे मलाच लिहिले होते," त्या म्हणाल्या. "तांदूळ आले होते, फादर. पत्र कधी आलेच नाही."