सीटखालचं वायरिंग

विजेवर हलणारी सीट भंगारातल्या गाडीतून काढताना पहिली अडचण वायरची नसते, बोल्टची असते. सीट चार बोल्टांवर बसलेली असते, दोन पुढे आणि दोन मागे. मागचे बोल्ट उघडे पडायला सीट पुढे न्यावी लागते आणि पुढच्यांसाठी मागे. साध्या सीटची दांडी ओढली की काम होतं. या सीटला मात्र १२ व्होल्ट लागतात, आणि तोडायला आलेल्या गाडीतली बॅटरी सगळ्यात आधी विकली गेलेली असते. म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन पान्यांच्या पिशवीत मोटरसायकलची छोटी बॅटरी आणि क्लिपा लावलेल्या दोन वायरी ठेवतो. सीटखालचा कपलर सोडवून मोटरच्या दोन तारांना थेट वीज देतो. सीट पुढे जाते. तारा अदलाबदल केल्या की मागे येते. बोल्टही निघतात आणि मोटर चालू आहे याची खात्रीही तिथेच होते. घाईतला माणूस रूळ कापतो, आणि मग ती सीट कशाच्याच कामाची उरत नाही.

खंडाळ्यात अशी सीट जुन्या गाडीत बसवण्याचं काम समजून घेण्यासारखं आहे, कारण जुन्या गाडीच्या वायरिंगची खरी परीक्षा इथे होते. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला, आणि पुढे मुंबईकरांच्या बंगल्यांबरोबर त्यांच्या मोटारीही इथे आल्या. बंगल्याच्या पोर्चमध्ये आठवडाभर उभी राहणारी आणि शनिवारी निघणारी जुनी सेडान इथे नवलाची नाही. मालकाचं वय गाडीबरोबर वाढलेलं असतं. कंबर धरते, गुडघा दुमडत नाही. सीटची मांडी दोन बोटं उचलली आणि पाठ जराशी सरळ केली, की घाट उतरताना तोच माणूस पुन्हा आरामात गाडी चालवतो. विजेच्या सीटकडे अनेकजण श्रीमंती थाट म्हणून बघतात. मला ते पटत नाही. म्हाताऱ्या हाडांसाठी ती खरी सोय आहे.

सुटे भाग खाली मुंबईत मिळतात. नवा माल ऑपेरा हाउसच्या बाजूला, वापरलेला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. या कुर्ल्याचं बोरघाटाशी जुनं नातं आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम केलं, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. त्या गाड्यांत सीटला वायरच नव्हती. आपल्याकडे विजेची सीट रुळली ती पुढे अकॉर्ड, कॅमरी, सुपर्बसारख्या मोठ्या सेडानमधून, आणि आज त्याच गाड्या तोडायला येतात.

आतली रचना ऐकायला वाटते तेवढी अवघड नाही. मागे-पुढे सरकण्यासाठी एक मोटर, मांडीचा पुढचा भाग उचलायला दुसरी, मागचा भाग उचलायला तिसरी, पाठीला चौथी. प्रत्येकीला दोनच तारा. स्विच मोकळा असताना दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. तो दाबला की एका तारेला वीज मिळते आणि दुसरी अर्थवरच राहते. उलट दाबला की उलट. बटण सोडल्यावर सीट जागची हलत नाही ती वर्म गिअरमुळे: मोटर गिअर फिरवू शकते, पण माणसाचं वजन मोटरला उलटं फिरवू शकत नाही. मर्सिडीजने १९७९ च्या एस-क्लासमध्ये दारावर सीटच्याच आकाराचा स्विच दिला. कुठला भाग हलवायचा तो बोटाने ढकला, चित्र किंवा अक्षर वाचायला नको. इतकी सरळ कल्पना मोटारीत क्वचित सापडते.

मेमरीवाली सीट मात्र टाळावी. तिच्यात जागा ओळखणारे सेन्सर आणि वेगळं मॉड्यूल असतं. ते मूळ गाडीच्या बाकी यंत्रणेशी बोलतं, आणि जुन्या गाडीत त्याच्याशी बोलणारं कोणी नसतं.

भंगारातून आणायची वस्तू सीट आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरी वस्तू वायरिंग आहे. कपलरचे दोन भाग असतात, एक सीटकडचा आणि एक गाडीच्या फरशीकडचा. फरशीकडचा भाग बहुतेकजण तिथेच सोडून येतात आणि मग सीटकडचा कपलर कापून उघड्या तारा पिळतात. तो भाग किमान वीतभर तारांसकट कापून आणला पाहिजे. स्विच आणि त्याचा कपलरही हवा. कापण्याआधी फोटो काढावा आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी, कारण तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात: जर्मन गाडीत तपकिरी तार अर्थची, जुन्या इंग्रजी गाडीत तीच बॅटरीची. आणि सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचं नाही, बॅटरीची वीज तर मुळीच द्यायची नाही. गाडीत बॅटरी असेल तर ती सोडवून काही मिनिटं थांबावं आणि मगच हात घालावा.

बसवताना सगळी मेहनत एका जाड तारेत आहे. मोटर अडकली, उदाहरणार्थ सीटमागे बॅग राहिली, तर २० अँपिअरच्या पुढे वीज ओढली जाते. बॅटरीपासून सीटपर्यंत तीन मीटर तार धरली आणि ती १.५ चौरस मिलिमीटरची असली, तर २० अँपिअरला जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि तार तापते. ४ चौरस मिलिमीटरची घातली तर पाव व्होल्ट. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, सीटजवळ नको. तो तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि त्याच्या अलीकडची तार उघडी पडून बॉडीला लागली तर आग थांबवणारं काहीच नसतं. सिगारेट लायटरच्या किंवा हॉर्नच्या तारेतून जोड घेणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट आळस आहे. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. सीटखाली तारेला ढिलाई ठेवावी, नाहीतर सीट पूर्ण पुढे गेल्यावर पहिला ताण कपलरवर येतो. डायनॅमोवर चालणाऱ्या गाडीला हा बोजा देऊच नये.

आता घाटाचा पाऊस. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुन्या गाडीचं दाराचं रबर कडक झालेलं असतं, पाणी कार्पेटखाली उतरतं आणि दिवसेंदिवस वाळत नाही. पिळून टेप गुंडाळलेला जोड तिथे एका पावसाळ्यात हिरवा पडतो. तांबं खाल्लं जातं, रोध वाढतो, जोड तापतो आणि सीट अर्ध्यात थांबते. दोष मोटरला दिला जातो. म्हणून इथे जोड क्रिंप करून गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवावी, कपलर फरशीवर न टेकवता सीटच्या सांगाड्याला वर बांधावा आणि अर्थचा बोल्ट रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट करून वर ग्रीस लावावं. पाऊस लागण्यापूर्वी, मे महिन्यात, एकदा कार्पेट उचलून बघावं.

कुठल्या गाडीत हे करावं? माझं मत ठाम आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीची सीट खालच्या आवृत्तीत बसवणं सर्वांत उत्तम, कारण फरशीची भोकं बहुधा जुळतात आणि वेल्डिंग लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करू देत नाही. सीटची पकड तर अपघातात जिवाशी जोडलेली असते, म्हणून फरशीत नवी भोकं पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. पन्नाशी उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला हातच लावू नये.

इलेक्ट्रिशियनला काम देताना मजुरीत घासाघीस करू नका. कपलरचे दोन्ही भाग आणि स्विच समोर ठेवून दाखवायला सांगा, फ्यूज कुठे बसवणार ते विचारा, आणि या दोन्हींचं उत्तर नीट मिळालं तरच गाडीची चावी त्याच्या हातात द्या.