गाणे फुकट नसते: छोट्या इंटरनेट रेडिओची कहाणी



मागच्या युवक शिबिरात रात्रीची गाणी संपल्यावर एका मुलाने विचारले, "दादा, आपल्या बोलीतला रेडिओ मोबाईलवर का नाही सुरू करायचा? एक लॅपटॉप, एक माईक आणि नेट, एवढेच तर लागते. गाणी काय, नेटवर फुकटच आहेत." त्याचा पहिला हिशोब बरोबर होता, दुसरा चुकला होता. यंत्रे स्वस्त झाली आहेत, पण गाणे फुकट नसते. याच प्रश्नावरून अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षे मोठा वाद चालला आहे आणि त्यात कित्येक छोटी केंद्रे बंद पडली. तिथे काय घडले ते आधी समजून घेऊ, मग त्या मुलाला काय उत्तर द्यायचे ते पाहू.

एका गाण्याचे दोन हक्क

प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. पहिला, शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा. दुसरा, त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा. म्हणजे ज्यांनी गायले-वाजवले आणि ज्यांनी पैसे घालून ते रेकॉर्ड केले त्यांचा.

अमेरिकेत मनोऱ्यावरून चालणारे नेहमीचे रेडिओ केंद्र फक्त पहिल्या हक्काची रॉयल्टी देते. रेडिओवर गाणे वाजले की गायकाची जाहिरात होते, तेवढे पुरे, असा तिथला जुना युक्तिवाद आहे. इंटरनेट आल्यावर मात्र १९९५ आणि १९९८ च्या कायद्यांनी नेटवरच्या रेडिओला दोन्ही हक्कांचे पैसे देणे भाग पाडले. दुसऱ्या हक्काचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते. त्यातले निम्मे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या गायक-वादकांना मिळतात.

हे पैसे मागण्यात काही गैर नाही. शेतमजुराची मजुरी बुडवू नये असे आपण म्हणतो, तर ढोलकी वाजवणाऱ्याचीही बुडवू नये. मग छोटी केंद्रे अडचणीत का आली? कारण दडले आहे ते पैसे मोजण्याच्या पद्धतीत.

श्रोते वाढले की कर्ज वाढते

नेहमीच्या रेडिओवर आणखी हजार माणसांनी गाणे ऐकले तरी केंद्राचा खर्च तोच राहतो. इंटरनेट रेडिओला मात्र दर लावला गेला तो एका गाण्यामागे, एका श्रोत्यामागे. शंभर जणांनी एक गाणे ऐकले की शंभर वेळा पैसे.

२००२ साली असे दर पहिल्यांदा ठरले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सोमाएफएमसारख्या, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केंद्राला काही महिने प्रसारण थांबवावे लागले. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकन काँग्रेसने छोट्या केंद्रांसाठी वेगळा कायदा केला. त्यातून झालेल्या समझोत्यानुसार त्यांनी उत्पन्नाच्या सुमारे १० ते १२ टक्के द्यायचे ठरले. सोमाएफएम पुन्हा सुरू झाले.

मार्च २००७ मध्ये कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने नवे दर जाहीर केले. २००६ साठी एका गाण्याला एका श्रोत्यामागे ०.०८ सेंट, आणि वाढत वाढत २०१० साठी ०.१९ सेंट. छोट्यांसाठीची टक्केवारी त्यात नव्हती. शिवाय दर १ जानेवारी २००६ पासून लागू, म्हणजे मागची बाकीही भरायची.

सेंटाचा पाचवा भाग ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हिशोब करून पाहा. एका केंद्राचे कोणत्याही वेळी सरासरी १०० श्रोते आहेत आणि ते तासाला १५ गाणी लावते, असे धरू. वर्षाला १ कोटी ३१ लाख ४० हजार वेळा पैसे द्यावे लागतील. ०.१९ सेंटच्या दराने ही रक्कम जवळजवळ २५ हजार डॉलर होते. केंद्राचे वर्षाचे उत्पन्न ४० हजार डॉलर असेल, तर १० टक्क्यांच्या पद्धतीने त्याला ४ हजार भरावे लागले असते. आता निम्म्याहून जास्त उत्पन्न इथेच जाते. गीतकार-संगीतकारांचे पैसे, नेटचा खर्च आणि वीज वेगळी.

२६ जून २००७ रोजी अमेरिकेतल्या अनेक इंटरनेट केंद्रांनी "मौन दिवस" पाळला आणि दिवसभर नेहमीचे संगीत बंद ठेवले. वाटाघाटींनंतर २००९ मध्ये छोट्यांना पुन्हा उत्पन्नाच्या टक्केवारीवर सवलत मिळाली, पण तिची मुदत २०१५ अखेरपर्यंतच होती. ती संपली तेव्हा हजारो हौशी केंद्रांना जागा देणारी लाइव्ह३६५ ही सेवा कोलमडली. तिच्या गुंतवणूकदारांनीही हात आखडता घेतला होता. ३१ जानेवारी २०१६ ला ती बंद पडली. २०१७ मध्ये नव्या मालकाने ती पुन्हा उभी केली, पण मधल्या काळात कितीतरी केंद्रांचे श्रोते विखुरले ते विखुरलेच.

धार्मिक केंद्रांचे काय?

ना-नफा केंद्रांना अमेरिकेत थोडा दिलासा आहे. महिन्याला १,५९,१४० श्रोता-तासांपर्यंत, म्हणजे सरासरी २१८ श्रोत्यांपर्यंत, वर्षाची ठराविक रक्कम भरली की झाले. ही रक्कम आधी ५०० डॉलर होती, २०२१ पासून १,००० झाली. श्रोते त्यापुढे गेले की वाढीव श्रोत्यांसाठी दर गाण्यामागे पैसे सुरू. सार्वजनिक रेडिओला वेगळ्या करारामुळे कमी पडते आणि आम्हाला जास्त, अशी तक्रार घेऊन धार्मिक प्रसारकांची समिती न्यायालयात गेली. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे ज्या केंद्राचा संदेश लोकांना आवडतो, त्याच्यावरच ओझे वाढते.

आपल्या मुलाला उत्तर

आपल्याकडे नियम वेगळे आहेत. आपल्या कायद्यातील कलम ३१डी मुळे रेडिओ केंद्राला आगाऊ सूचना देऊन आणि ठरवून दिलेला दर भरून प्रकाशित गाणी लावता येतात. पण ही सोय इंटरनेटला लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स आणि विंक यांच्या खटल्यात दिला. म्हणून नेटवर गाणी लावायची तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी बोलून परवाना घ्यावा लागतो आणि ते सांगतील ती किंमत मान्य करावी लागते.

उपासनेत गीत गाण्याला कायद्याची आडकाठी नाही. खऱ्या धार्मिक विधीसाठी त्यात सूट आहे. पण दिवसभर गाण्यांचा रेडिओ चालवणे हा विधी होत नाही, हे लक्षात ठेवावे. तसेच पाड्यावरची परंपरागत चाल कोणा एकाची नसते, पण कोणी तिचे रेकॉर्डिंग केले असेल तर त्या रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क असतो.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले, नेटवरची गाणी उचलू नकोस. आपल्या आजींकडे, तारपा वाजवणाऱ्या काकांकडे जा. त्यांना रेडिओ म्हणजे काय, गाणे कुठे कुठे ऐकू जाईल ते समजावून सांग, आणि त्यांच्या संमतीने स्वतः रेकॉर्ड कर. संमती कागदावर घे. गाणाऱ्याचे नाव दर वेळी सांग. शक्य असेल तेव्हा मानधन दे, मग ते शंभर रुपये का असेना. गाणे तुमच्याच पाड्याचे असेल, तर श्रोते वाढल्याचा आनंद होईल, धास्ती वाटणार नाही.

तो थोडा हिरमुसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर आजीच्या ओट्यावर मोबाईल ठेवून तो बसला होता. आजी आधी पैशाचे विचारत होती, म्हणे. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.